बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे लिहून मिळावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोटारसायकल सेल्फने सुरू झाली नाही की पहिला आरोप बॅटरीवर येतो. गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली जाते, कारागीर बटण दाबून पाहतो, मोटर फिरत नाही किंवा नुसता 'टक' असा आवाज येतो आणि दोन मिनिटांत 'बॅटरी गेली' असा निकाल लागतो. नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते, ग्राहक पैसे देऊन निघून जातो. त्यातल्या कित्येक गाड्या महिना-दोन महिन्यांत तीच तक्रार घेऊन परत येतात, कारण दोष बॅटरीत नव्हताच, किंवा बॅटरी खरोखर बसली असली तरी ती कशामुळे बसली हे कोणी पाहिलेलेच नसते. मी कराड येथे दुचाकींच्या वायरिंगचे काम करतो. या विषयावर वाचकांपुढे एक मागणी ठेवावी आणि तिच्यामागचे कारण नीट उलगडून सांगावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मागणी साधी आहे. दुचाकीची बॅटरी बदलण्याआधी गॅरेजने मल्टिमीटर लावून तीन आकडे मोजावेत आणि ते बिलावर लिहून द्यावेत. गाडी बंद असताना बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फ मारत असताना ते किती खाली उतरते, आणि इंजिन चालू असताना बॅटरीपर्यंत किती व्होल्टेज पोहोचते, असे हे तीन आकडे आहेत. मोजणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

हा प्रश्न आज अधिक गंभीर का झाला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. सेल्फ ही पूर्वी एक जादाची सोय होती. बॅटरी बसली तर किक मारून माणूस कामाला जात असे. १ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुराबाबतचे बीएस-६ निकष लागू झाले, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली आणि आज अनेक नव्या मोटारसायकलींना किकच नसते. त्याआधी १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत कायम लागलेला राहू लागला, म्हणजे विजेचा खर्चही वाढला. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजिनचे नियंत्रण करणारे ईसीयू हे दोन्ही बॅटरीवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली असेल तर उतारावरून धक्का मारूनही गाडी सुरू होत नाही. सकाळी दूध घालणारा, पाळीवर जाणारा कामगार, उपकेंद्रावर जाणारी परिचारिका, या सर्वांचा दिवस आता एका बटणावर अवलंबून आहे.

आता आकड्यांकडे वळतो. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर तिच्या टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२.४ च्या आसपास आकडा आला तर ती साधारण तीन चतुर्थांश भरलेली असते आणि १२ च्या खाली गेला तर ती जवळजवळ रिकामी समजावी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल किंवा बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढली असेल, तर हा आकडा काही काळ फुगलेला दिसतो; म्हणून तिला विसावू द्यावे, किंवा बॅटरीवर चालणारा एखादा दिवा मिनिट-दोन मिनिटे लावून मगच मोजावे. मात्र एवढ्यावर निकाल देणे चुकीचे आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच चूक होते. आतला एखादा सेल खराब झालेली बॅटरीही बंद गाडीत कधी कधी १२.६ दाखवते आणि बटण दाबताच सहा-सात व्होल्टवर कोसळते. म्हणून दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी त्याखाली गेली तर तिच्यात दम उरलेला नाही, असे म्हणायला आधार मिळतो. इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. व्होल्टेज फार उतरले तर मोटर कशीबशी फिरते, पण ईसीयूला काम करण्याइतके व्होल्टेज उरत नाही आणि गाडी पेटत नाही. मग प्लग, पंप, इंजेक्टर यांच्यावर संशय घेण्यात अख्खा दिवस जातो.

दुसऱ्या आकड्याचे खरे महत्त्व त्याच्या उलट बाजूला आहे, आणि या पत्रात मला सर्वाधिक भर त्यावर द्यायचा आहे. सेल्फ मारताना मोटर रखडत फिरते आहे, आणि तरीही बॅटरीच्या टोकांवर साडेअकरा व्होल्ट टिकून आहेत, असे दिसले तर बॅटरी निर्दोष आहे. तिच्यातून पुरेसा प्रवाह बाहेर पडतच नाही, कारण वाटेत कोठेतरी अडथळा आहे. सेल्फची मोटर दिव्यांसारखी दोन-चार अँपिअरवर चालत नाही. तिला दहापेक्षा कितीतरी जास्त अँपिअर लागतात. पन्नास अँपिअरच्या वाटेत एक दशांश ओहम इतका क्षुल्लक अडथळा आला तरी पाच व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि मोटरच्या वाट्याला निम्मेच उरते. हा एक दशांश ओहम गंजलेल्या टर्मिनलमध्ये असू शकतो, थिंबलमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीत, नीट न दाबलेल्या तारेत असू शकतो किंवा रिलेच्या, म्हणजे बटणाच्या थोड्या विजेवर मोटरची मोठी वीज जोडणाऱ्या स्विचच्या, आतल्या जळक्या टोकांवर असू शकतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून तो सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध तेवढा असतो. टेस्टिंगचा दिवा लावून तर तो मुळीच सापडत नाही, कारण जाड तारेतला एकच धागा शाबूत राहिला असेल तरी दिवा लख्ख पेटतो. 'तार तपासली, करंट येतोय' हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. तार लोडवर, म्हणजे बटण दाबलेले असतानाच तपासली पाहिजे.

याची पद्धत कोणालाही शिकता येईल अशी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, तेही वर बसवलेल्या क्लॅम्पवर न ठेवता प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, आणि दुसरे टोक इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावे, आणि सहकाऱ्याला बटण दाबायला सांगावे. चांगल्या गाडीत येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसले तर अर्थची तार किंवा तिचा जोड खराब आहे. तसेच बॅटरीचा धन खांब आणि सेल्फ मोटरचे टर्मिनल यांच्यामध्ये मोजावे. बटण दाबलेले असताना येथे अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालतो. फरक त्याहून जास्त असेल तर रिलेच्या दोन जाड टोकांमध्ये वेगळे मोजावे, म्हणजे दोष तारेत आहे की रिलेत हे लगेच कळते. वीज कोठे अडते आहे हे मीटर बोट दाखवून सांगतो. तेथे अंदाजाला जागा उरत नाही.

माझ्याकडे आलेले एक उदाहरण देतो. एका दूध संकलन करणाऱ्या गृहस्थांच्या गाडीची बॅटरी वर्षभरात दोनदा बदलून झाली होती, रिलेही नवा होता आणि आता मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला होता. बंद गाडीत १२.७ व्होल्ट होते. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.६ टिकून होते आणि मोटर मात्र दमलेली फिरत होती. ऋण खांब आणि इंजिन यांच्यामध्ये मीटरने तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवले. मागे केव्हातरी इंजिनला रंग देताना अर्थच्या तारेचे थिंबल रंगावरच बसवून बोल्ट आवळला गेला होता आणि पुढे पावसाच्या पाण्याने उरलासुरला संपर्कही खाल्ला. थिंबल आणि त्याखालची जागा कानशीने उजळ केली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली आणि गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. या दुरुस्तीत एकही सुटा भाग लागला नाही. त्या गृहस्थांनी आधी भरलेले पैसे मात्र परत येणार नव्हते.

तिसरा आकडा चार्जिंगचा. इंजिन मध्यम वेगाने फिरत असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा यावा. तो तेराच्या खालीच राहिला तर मॅग्नेटची (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉईल, आरआर युनिट (ती वीज डीसी करून तिचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा त्यांच्यामधला कनेक्टर यांपैकी काहीतरी बिघडले आहे आणि नवी बॅटरीही काही दिवसांत रिकामी होणार. तो पंधराच्या वर गेला तर आरआर युनिट आवर घालत नाही आणि नवी बॅटरी आतून उकळून मरणार. दोन्ही प्रसंगी दुकानदार बॅटरी कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी 'गाडीचे चार्जिंग तपासा' असे सांगून वॉरंटी नाकारते, आणि मध्ये ग्राहक भरडला जातो. तीन पिवळ्या तारा असलेल्या मॅग्नेटमध्ये कनेक्टर सोडवून इंजिन चालू ठेवले असता कोणत्याही दोन तारांमध्ये एसी व्होल्टेज सारखेच यायला हवे, आणि इंजिन बंद करून पाहिले असता कोणत्याही तारेचा बॉडीशी संपर्क नसावा. यावरून कॉईल आणि आरआर युनिट यांच्यातला दोषी कोण हे ठरते. येथे एका घातक सवयीविरुद्ध कळकळीने सांगावेसे वाटते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'चार्जिंग येते का' हे पाहण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. बॅटरी निघताच सर्किटमध्ये व्होल्टेजच्या उसळ्या येतात आणि इंजेक्शनच्या गाडीत त्या ईसीयूचा बळी घेऊ शकतात. किरकोळ शंका फेडायला गेलेला माणूस हजारोंच्या खर्चात सापडतो.

आकडे मोजण्याआधीही कानाने बरेच कळते. बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल तर बॅटरीआधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण, पाहावा. गाडी धुताना किंवा मुलांच्या हाताने तो बंद होतो. मग न्यूट्रलचा दिवा लागतो का, साइड स्टँड वर आहे का, क्लच पूर्ण दाबून काही फरक पडतो का हे पाहावे. अनेक गाड्यांत गिअर पडलेला असताना क्लच दाबल्याशिवाय किंवा स्टँड खाली असताना सेल्फचे सर्किट पूर्णच होत नाही, आणि क्लचच्या खालचा तो छोटा स्विच धूळ-पाण्याने हमखास बिघडतो. न्यूट्रलमध्ये सेल्फ लागत नाही पण क्लच दाबला की लागतो, एवढी एकच खूण न्यूट्रल स्विचपर्यंत पोहोचवते. त्यानंतर फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे पुढच्या शॉर्ट सर्किटला अख्खे वायरिंग जाळण्याची मुभा देणे आहे. जेवढ्या अँपिअरचा फ्यूज असेल तेवढ्याच अँपिअरचा घालावा आणि तो पुन्हा उडाला तर कारण शोधावे.

बटण दाबल्यावर 'टकटकटक' असा सलग आवाज येत असेल तर त्याचा अर्थ वेगळा. रिलेची कॉईल थोड्या विजेवर ओढली जाते, जाड टोके जुळतात, मोटर वीज मागते, व्होल्टेज कोसळते, कॉईलची पकड सुटते, व्होल्टेज परत वर येते आणि रिले पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते. म्हणजे रिले धडधाकट आहे, बॅटरी रिकामी आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. दहा नंबरचा पाना घेऊन दोन्ही स्क्रू आवळणे ही पहिली दुरुस्ती असायला हवी. याउलट एकच 'टक' आला आणि दिवे तेवढेच उजळ राहिले, तर रिलेची टोके जळालेली असतात किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजलेले असतात. मोटरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर ती एखाद्या वेळी फिरली, तर बहुधा कार्बन संपल्याची ती खूण समजावी. कार्बनचा संच पूर्ण मोटरच्या तुलनेत अगदी स्वस्त मिळतो, तरीही 'मोटर जळाली' असे सांगून आख्खी मोटर बदलली जाते, याचे मला फार वाईट वाटते. मोटर मोकळी फिरते आणि इंजिन फिरतच नाही, तर तो दोष विजेचा नसून मोटरचा जोर इंजिनपर्यंत पोहोचवणाऱ्या वन-वे क्लचचा आहे.

मोटर जोरात फिरते, इंजिनही फिरते, पण गाडी पेटत नाही, अशा वेळी बॅटरी आणि सेल्फ यांना मोकळे सोडून पुढे जावे. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणण्याचा आवाज येतो; तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले आणि कनेक्टर पाहावा. गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर काही गाड्यांत असतो. अशा वेळी किल्ली बंद करून पुन्हा चालू करावी लागते. पावसात प्लगच्या टोपीत शिरलेले पाणी हे तर जुनेच दुखणे आहे.

एक कारण अलीकडे फार वाढले आहे. अलार्म, जीपीएस, जादा दिवे, मोबाइल चार्जर हे सगळे थेट बॅटरीवर किंवा एखाद्या तारेची साल खरवडून जोडले जातात. गाडी बंद असतानाही यांतली काही उपकरणे थोडी थोडी वीज खातात. ५० मिलिअँपिअर हा आकडा लहान वाटतो, पण दिवसाला तो १.२ अँपिअर-तास होतो, आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीतली चार अँपिअर-तासांची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी करायला तेवढा पुरतो. गाडी शनिवारी लावली आणि मंगळवारी सुरू झाली नाही, अशी तक्रार आली की मी आधी ऋण तार सोडवून मधे अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडतो. या उपकरणांचा एकेक कनेक्टर काढत गेले की आकडा कोठे खाली येतो ते दिसते. जादा उपकरणे बसवू नयेत असे माझे म्हणणे नाही. ती किल्लीवर चालणाऱ्या रिलेतून आणि स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावीत.

बॅटरी खरोखर संपली असेल तर ती बदललीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. रोज दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीत सेल्फने खर्च केलेली वीज परत भरतच नाही, बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर चढतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा सलग लांब फेरी मिळावी किंवा चांगला चार्जर लावावा. मात्र चांगली बॅटरी भंगारात जाणे हा केवळ त्या ग्राहकाचा तोटा नाही. तिच्यात शिसे आणि आम्ल आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या यंत्रणेकडे देण्याची जबाबदारी ग्राहकावरही आहे.

कारागिरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ग्राहक समोर घाई करत उभा असतो, भाग बदलण्याचे पैसे मिळतात आणि दोष शोधण्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतो. तपासणीचे वेगळे शुल्क मागितले तर वाचकांनी ते आनंदाने द्यावे. त्या शुल्काच्या बदल्यात तीन आकडे मागावेत. कारागिराची दुसरी अडचण याहून मोठी आहे. जुन्या काळी अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर वायरिंगचा आराखडा छापलेला असे; अलीकडच्या बऱ्याच पुस्तिकांत मला तो आढळत नाही. आराखडा हाती नसेल तर क्लच स्विचची तार कोणत्या रंगाची आणि ती रिलेकडे जाते की ईसीयूकडे, हे गावातल्या कारागिराने कसे ओळखायचे? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. दुचाकी कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलच्या वायरिंगचा आराखडा या पोर्टलवर सर्वांना खुला करावा, आणि ज्या राज्यात गाडी विकली जाते तेथील भाषेतल्या पुस्तिकेत किमान सेल्फ आणि चार्जिंग या दोन सर्किटांचे चित्र, तारांच्या रंगांसह आणि अपेक्षित व्होल्टेजसह, छापावे. ही दोन पानांची छपाई आहे, आणि गाडी बनवणाऱ्यांकडे ही माहिती तयारच असते.

आपला विश्वासू,
एक दुचाकी वायरिंग कारागीर
कराड, जि. सातारा